साहेबाचा नेम

ब्रॅमली साहेबाला शिकारीतलं काही कळत नव्हतं, पण शिकारीच्या नीतीवर तो दीड तास बोलू शकायचा. त्रेसष्ट साली मी अबुधाबीत त्याचा बावर्ची होतो. तेल कंपनीच्या कामापेक्षा त्याचा जीव हफीतच्या डोंगरातल्या रानबोकडांत अडकलेला. मोटारीतून पाठलाग करायचा नाही, मादी मारायची नाही, पिल्लाला हात लावायचा नाही, फक्त म्हातारा नर. गोळी एकच, आणि जनावराला कळायच्या आत जीव गेला पाहिजे. हे सगळं तो मला सूप पिता पिता ऐकवायचा. आम्ही म्हसळ्याकडची माणसं जणू भेकराला गुदगुल्या करून मारत होतो.

वाटाड्या मुसल्लम त्या डोंगराच्या पायथ्याचाच. साठीचा असेल. साहेबाचे सगळे नियम तो पाळायचा, फक्त त्यावर बोलायचा नाही. दोन-दोन दिवस दगडांत पालथं पडून कळप बघायचा आणि शेवटी मान हलवायचा, ‘हा नको, कळपाला अजून याची गरज आहे.’ साहेब तोंड वाकडं करायचा, पण ऐकायचा.

आणि मग साहेबाची गोळी. कधी पोटात, कधी मांडीत, एकदा तर शिंगाला. बोकड धडपडत कड्याआड जाऊन पडायचा. पाहुण्याला कड्यावर एकटं सोडायचं नाही हा मुसल्लमचा कायदा, म्हणून तो साहेबाचा हात धरून थांबायचा आणि सुरी घेऊन धावायचो मी. साहेबाला हवं असायचं मुंडकं. मटण मुसल्लमच्या घरी जायचं. पण साहेबाच्या गोळीने मेलेलं जनावर त्याला चालत नव्हतं. जीव असताना बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली, तरच हलाल. साहेबाचा नेम इतका भिकार होता की तीन वर्षांत सात बोकड पडले आणि सातही हलाल झाले. दर वेळी पाय झाडणाऱ्या जनावराला मी गुडघ्याखाली दाबलं आणि मनात साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

वर आलो की मी दोघांना दोन गोष्टी सांगायचो. मुसल्लमला अरबीत, ‘जिवंत होता, वल्ला.’ हे खरं. साहेबाला हिंदीत, ‘फर्स्ट शॉट, सर. खलास.’ हे खोटं. माझा धाकटा भाऊ मुनीर तीन वर्षं गावात हात चोळत बसला होता. साहेबाने एनओसीवर सही केल्याशिवाय त्याला इकडे येता येणार नव्हतं, आणि सहीचा विषय काढला की साहेब म्हणायचा, ‘नेक्स्ट सीझन, जहूर.’ म्हणून मी त्याच्या नेमाला लोणी लावत राहिलो.

सातव्या बोकडाच्या दुपारी आम्ही तिघं तंबूबाहेर जेवत होतो. मुसल्लमपुढे त्याच बोकडाच्या काळजाचा तुकडा होता. साहेब फारच खुशीत. मुनीरचा टाइप केलेला कागद या वेळी त्याने खरोखरच बरोबर आणला होता. मी स्वतः तो त्याच्या बॅगेत पाहिला होता. विलायतेतल्या कुठल्याशा मासिकात तो लेख लिहिणार होता: सात बोकड, सात गोळ्या, एकाचाही दुसरा श्वास नाही. आणि त्या वर्षी हा गाढव अरबी शिकत होता. त्याने सात बोटं वर करून मुसल्लमला सांगितलं, ‘सात. मात. मात फौरन! जहूर बोलला.’ म्हणजे मेले, लगेच मेले.

मुसल्लमचा घास हातातच राहिला.

“जहूर,” तो म्हणाला, “हा काय म्हणतोय? मेलेले होते?”

मी साहेबाकडे पाहिलं. जिवंत आणि मेलेला, हे दोन शब्द त्याला आता चांगले येत होते. तो माझ्या तोंडाकडेच बघत होता.

“वेल, जहूर? बोलो इसको. फर्स्ट शॉट मरा था के नहीं?”

खरं एका शब्दात सांगता आलं असतं. साहेबाची लाज गेली असती, मुनीरचा कागद गेला असता आणि म्हाताऱ्याचा घास हलाल राहिला असता.

“मेलेला होता,” मी अरबीत म्हणालो.

“सातही?”

“सातही.”

साहेबाने मांडीवर थाप मारली. मुसल्लमने घास खाली ठेवला, तोंडातलं वाळूत थुंकलं आणि मशकीतल्या पाण्याने तीनदा चूळ भरली. मला वाटलं, आता शिव्या घालेल, खंजिराला हात घालेल. मनातून मला तेच हवं होतं. तो नुसता माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

“माझी बायको गेल्या थंडीत गेली,” तो म्हणाला. “शेवटचे चार दिवस तिच्या गळ्याखाली दुसरं काही उतरत नव्हतं. मी तिला याच मटणाचं पाणी पाजलं. तिने विचारलं होतं, हलाल आहे ना? मी म्हटलं, जहूरने कापलंय.”

हलाल होतं, बाबा. माझ्या या हातांनी केलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मी म्हटलं नाही. मुसल्लमने आजवर खांद्यावर वाहिलेली साहेबाची बंदूक त्याच्या खुर्चीला टेकवून ठेवली आणि तो डोंगराच्या वाटेला लागला. तीन वर्षं मी साहेबाची मनातल्या मनात थट्टा केली होती. त्या वेळी मला माझी इतकी किळस आली की समोरचं ताट बघवेना.

“क्या बोला ओल्ड मॅन?” साहेबाने विचारलं. “इतना लाँग स्पीच?”

“तुमच्या नेमाची तारीफ करत होता, सर.”

साहेब लाजला. मग त्याने बॅग उघडली, कागद गुडघ्यावर ठेवला आणि मुनीरच्या एनओसीवर सही केली.