एकशे पंधरावं पान

सिंधूताईंना कंपनीने काढलं. आता हे वाक्य विसरा. आमच्या कंपनीत कोणालाच काढत नाहीत, त्यामुळे असं काही झालेलंच नाही असं धरून मी लिहितो.

आम्ही दवाखान्यांचं सॉफ्टवेअर तपासतो. नवीन आवृत्ती धंतोलीतल्या दवाखान्यांत जाण्याआधी आम्ही त्यात खोटे पेशंट भरती करतो, त्यांना खोटे आजार देतो आणि कुठे काय बिघडतं ते पाहतो. दोन वर्षांत मी नऊ हजार माणसं बरी केली आहेत. सिंधूताई त्याआधी चौदा वर्षं एका वॉर्डात कारकून होत्या. कुठे बिघडणार हे त्यांना बिघडायच्या आधीच कळायचं. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"हीच तं रिस्क आहे," मॅनेजर दुर्गेश सर मीटिंगमध्ये म्हणाले. "उद्या ताई बसखाली आल्या तं?"

ताई समोरच बसल्या होत्या. "मी मेट्रोनं येते, सर," त्या म्हणाल्या.

तरी मला काम लागलं: ताईंच्या डोक्यातलं सगळं कंपनीच्या ज्ञानपेटीत पानापानाने उतरवायचं. सर रोज विचारायचे, "काय गा गौरांग, ताईचं डोकं किती टक्के झालं?"

"साठ, सर."

नव्व्याण्णव झाले त्या दिवशी ताईंनी विचारलं, "शंभर झाल्यावर मले ठेवतीन काय गा?"

"असं काहून म्हणता ताई? तुम्ही तर आमच्या..."

"राहू दे, लिही. मी नाही सांगतलं तं तिकडे कोणी उपाशी राहीन. एकाच दिवशी पेशंटची खोली दोनदा बदलून पाय. जेवणाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होते."

हे एकशे पंधरावं पान. सरांनी ते वाचलं.

"एकदा खोली बदलायची टेस्ट आहे नं आपल्याजवळ? मंग दोनदा काहून? डुप्लिकेट आहे हे. उडव."

मी ताईंकडे पाहिलं. त्या डबा उघडून राहिल्या होत्या. मी पान उडवलं. आकडा लगेच शंभर झाला, कारण तेवढंच एक पान मंजूर व्हायचं राहिलं होतं.

शुक्रवारी केक आला. त्यावर 'ज्ञान-हस्तांतरण पूर्ण' असं लिहिलं होतं. मला 'ज्ञानमित्र' छापलेला मग मिळाला. ताईंचं कार्ड केक कापायच्या आधीच बंद केलं होतं, त्यामुळे त्यांना ऑफिसातून बाहेरच पडता येईना. शेवटी माझ्या कार्डानं मीच दार उघडून दिलं.

"चांगलं लिहिलं गा तू," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

तीन आठवड्यांनी धंतोलीतल्या एका दवाखान्यात बळीरामभाऊंची खोली एकाच दिवशी दोनदा बदलली. हर्नियाच्या ऑपरेशनच्या सकाळी त्यांना डिंकाचा लाडू मिळाला. त्यांनी तो खाल्ला, आवडला म्हणून सांगितलं आणि ऑपरेशन रद्द झालं. त्यांचं 'काहीही देऊ नये' एका बाळंतिणीला मिळालं. ती संध्याकाळपर्यंत जेवण मागत होती. नर्स म्हणाली, कंप्युटरमध्ये उपाशीच लिहून आहे.

सर म्हणाले, "ज्ञानपेटीत पाय, काही असंन." मी पाहिलं. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ होती: अडचण आल्यास सिंधूताईंना विचारावे.

म्हणून हा अर्ज.

प्रति, मा. व्यवस्थापक.
विषय: ज्ञान मूळ जागी परत ठेवण्याबाबत.

महोदय, ज्ञानपेटीतील एकशे चौदा पाने, तसेच मी स्वतःच्या हाताने उडवलेले एकशे पंधरावे पान, श्रीमती सिंधूताई यांच्या डोक्यात पूर्ववत ठेवण्यात यावीत. सदर डोके त्यांच्यासह खिडकीजवळच्या खुर्चीवर सोमवारी सकाळी दहापूर्वी आणून बसवण्यात यावे. सोबत 'ज्ञानमित्र' मग परत जोडला आहे. तसेच त्या बाळंतिणीचे त्या दिवशीचे दुपारचे जेवण तिला त्याच दुपारी देण्यात यावे, ही नम्र विनंती.