त्याच नावाचा दुसरा

खुर्ची दिसली की उलटी करून बघायची, हे खूळ थोरलीच्या डोक्यात शिरलं त्याला वर्ष होत आलं होतं. कुणी "बसा" म्हणून खुर्ची पुढे केली, तर ही बाई बसायचं सोडून गुडघ्यांवर जाऊन तिच्या पोटाखाली डोकं घालणार. न्हाव्याच्या दुकानात तिने एका भल्या माणसाला अर्ध्या दाढीनिशी उठवलं. शाळेच्या कचेरीत खुद्द मुख्याध्यापकांना उठवलं. एका घरी सांत्वनाला गेली, तर तिथेही रडणाऱ्या बाईला म्हणाली, "जरा उठता का, एकच मिनिट." लोक म्हणायला लागले, खुर्च्यांचे सांधे बसवता बसवता हिचाच एक सांधा निखळला. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. हिच्या जिवाला काय घोर लागलाय, ते त्यांना कुठे ठाऊक होतं.

घोर धाकट्याचा होता. वडिलांच्या मागे दोघं भावंडं मिळून खुर्च्या दुरुस्तीचं दुकान चालवत होती. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक आणि पॉलिशचा वास, मागच्या खोलीत लाकडाचा भुसा, मंद आचेवर लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं आणि दिवसभराची वादावादी. एके दिवशी धाकट्याच्या हातून लाकूड खोदायची पटाशी पडली. पडली तर पडली, कुणाच्या हातून पडत नाही? पण मग ती रोज पडायला लागली. खांदा मध्येच उडायचा. बोटं मांडीवर आपली आपणच नाचायची. भावजय म्हणायची, "अहो, जरा स्वस्थ बसा ना," आणि तो चिडून म्हणायचा, "स्वस्थच तर बसलोय." थोरली ते ऐकायची आणि तिला आई आठवायची, कारण आईचं अगदी असंच सुरू झालं होतं. आईचा आधी घास सांडायला लागला, मग चाल बिघडली, मग शेवटची कितीतरी वर्षं ती खाटेवर हातपाय झाडत पडून होती. नातेवाइकांनी धसका म्हटलं, एका डॉक्टरने नसांची दुर्बलता म्हटलं आणि सगळ्यांनी तो विषय आईबरोबरच संपवला.

आताच्या डॉक्टरीणबाई मात्र गुळमुळीत बोलणाऱ्या नव्हत्या. धाकट्याला त्यांनी सरळ रेषेत चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला लावली आणि मग दोघांना समोर बसवलं.

"हे दुखणं रक्तातून येतं. आईला किंवा वडिलांना असलं, तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. रक्त तपासलं की कळेल. बरं करणारं औषध आज तरी नाही, त्रास कमी करता येतो. आईच्या माहेरी आधी कुणाला होतं का?"

हे विचारायला थोरली मावशीकडे गेली. मावशीने क्षणाचाही विचार न करता मान हलवली. "छे, आपल्यात कुणाला नव्हतं. होता एक खुर्च्या करणारा, फार पूर्वी. हातपाय फेकत रस्त्याने जायचा, पोरं मागून त्याची नक्कल करत जायची, शेवटी तळ्यात सापडला. पण तो आपला नव्हे. त्याच नावाचा दुसरा."

म्हणजे झालं असं, की आईच्या आजीचा आजासुद्धा खुर्च्या करणाराच, आणि नावही तेच. त्या काळी ते नाव इतकं माजलं होतं, की भर बाजारात हाक मारली तर चौघे वळून बघायचे.

"झालं तर मग," धाकटा म्हणाला. "तो आपला होता की नव्हता, हे आधी शोध. आपला निघाला तर रक्त देतो. नसला तर आईचं दुखणं वेगळं, माझं वेगळं, आणि मला छळू नकोस."

"आणि कसं शोधू मी? तळ्यात उतरून विचारू?"

"खुर्च्यांना विचार. दुसरं येतं काय तुला?"

बोलून चालून चेष्टा, पण थोरलीने ती गाठीशी बांधली. जुने कारागीर बैठकीच्या खाली तापल्या लोखंडाने आपलं नाव आणि साल डागून ठेवायचे. तेव्हापासून ती त्या नावामागे हात धुऊन लागली. गावात त्या नावाच्या खुर्च्या सापडल्याही भरपूर, आणि इतकी वर्षं हातात लाकूड घेतलेल्या बाईला एक गोष्ट लवकरच कळली. नाव एक असलं तरी हात एक नव्हता. डाग तर कुणीही मारेल, पण पाय बैठकीत बसवायची खाच ज्याची त्याने खोदलेली असते, आणि ती आत दडलेली असल्यामुळे तिथे कुणी नटत नाही. एकाच्या सगळ्या खाचा उजवीकडून डावीकडे कललेल्या, म्हणजे हा डावखुरा. दुसऱ्याचं काम बघून डोळे निवावेत. त्याचं नाव तिने देखणा ठेवलं. आणि तिसऱ्याच्या खाचा वेड्यावाकड्या, कुठे पटाशी घसरून लाकूड ओरबाडलेलं, कुठे दोनदा खोदून पाचर मारलेली. त्याच्या खुर्च्या खिळखिळ्या होऊन तिच्याकडे दुरुस्तीला येत होत्या, त्यामुळे त्याचे सांधे तिला पाठ झाले. हा थरथऱ्या. तळ्यात सापडला तो हाच, याबद्दल तिला शंका उरली नाही.

राहता राहिला प्रश्न, आपला कोणता. त्याचं उत्तर घरातच होतं. आईकडून आलेली खुर्ची त्या आजाने स्वतः आपल्या लेकीसाठी केलेली, हे मावशीसकट सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीने ती उलटी केली. तेच नाव, आणि काम असं की सांध्यात केस शिरणार नाही. देखणा.

त्या दिवशी ती दुकानात आली ती चपला न काढताच आत शिरली. "तो आपला नव्हे," तिने सांगितलं. "आपला देखणा. थरथऱ्या वेगळा."

"मी म्हटलंच होतं," धाकटा म्हणाला आणि त्याचा खांदा उडाला. दोघांनीही ते बघितलं नाही असं दाखवलं. भावजयीने सगळ्यांना गोड काहीतरी आणून खाऊ घातलं. थोरलीने लांब शिकायला असलेल्या लेकीला फोन करून उगाचच पाऊण तास गप्पा मारल्या.

इथे खरं तर बाईने गप्प बसायला हवं होतं. पण सुखासुखी गप्प बसेल तर ती थोरली कसली? दोन दिवस बरे गेले आणि मग तिला काहीतरी टोचायला लागलं. रंधा मारता मारता ती थांबायची. जेवताना उठून खिडकीशी जायची. देखण्याच्या खुर्च्यांवरची सालं आठवायची आणि मग थरथऱ्याच्या. देखण्याची उतारवयातली एकही खुर्ची कशी नाही? इतका चांगला कारागीर, भर उमेदीत काम का सोडेल? आणि थरथऱ्याने उमेदीत काहीच केलं नाही? जिथे एकाची सालं संपत होती, तिथून दुसऱ्याची सुरू होत होती. मेला असेल देखणा, तिने स्वतःला समजावलं. माणसं मरतात. थरथऱ्या परगावाहून आला असेल, उशिरा धंद्यात पडला असेल. अशी कितीतरी उत्तरं तिने शोधली, आणि प्रत्येक उत्तर तासाभरात शिळं व्हायचं. धाकट्यावर ती विनाकारण खेकसायची, मग स्वतःच त्याच्यासाठी चहा ठेवायची.

शेवटी एका सकाळी दुकान उघडायच्या आधीच तिने आईची खुर्ची बाकावर घेतली. घट्ट सांधा उघडू नये, हा वडिलांचा नियम होता आणि तिने तो कधी मोडला नव्हता. तिने किटलीत पाणी उकळलं, सांध्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि वाफ द्यायला सुरुवात केली. जुना सरस बराच वेळ दाद देईना. मग पाय हळूच हलला आणि तिच्या हातात आला.

खाच कशी कोरीव, बघत राहावी अशी. तिने दिवा जवळ ओढला. तळाशी एक बारीक उंचवटा होता, सुतासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पटाशीची धार एका जागी तुटलेली असली की असं होतं. तेवढीच जागा कापायची राहते. हा उंचवटा तिने आधी पाहिला होता. थरथऱ्याच्या सुरुवातीच्या खुर्च्यांत, बरोबर याच जागी.

पटाशी विकली असेल. तिने लगेच मनाशी म्हटलं. देखणा गेला, बायकोने हत्यारं विकली, थरथऱ्याने घेतली. काय अवघड आहे त्यात? तिला एकदम हलकं वाटलं. पण डोळे काही ऐकेनात. खाचेच्या लांबच्या कोपऱ्यात एक घाव पुरला असता तिथे दोन घाव होते, एकाला चिकटून दुसरा, गरज नसताना मारलेला. सवयीचा घाव. थरथऱ्याच्या खाचांत तो प्रत्येक ठिकाणी होता. हात कितीही भरकटला असला, तरी लांबच्या कोपऱ्यात दोन घाव. पटाशी विकता येते, खोड कशी विकणार? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची तर मेल्यावरही गेली नव्हती.

देखणा आणि थरथऱ्या वेगळे नव्हतेच. ज्याने लेकीसाठी ही खुर्ची केली, त्याचेच हात पुढे त्याच्या ताब्यात राहिले नाहीत. आणि घरच्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं, की तो दुसरा. वर्षभर सगळ्या गावाच्या खुर्च्या उलट्यापालट्या करून तिनेही तेच केलं होतं, एका माणसाचे दोन केले होते. तिला त्या माणसाची इतकी दया आली, की ती सुटा पाय मांडीवर घेऊन रडली.

धाकटा आला तेव्हा खुर्ची तीन पायांवर कलंडलेली होती. त्याने खुर्चीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं.

"आईची खुर्ची उघडलीस?"

"तो आपलाच," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिने ठरवलं होतं, पण ते तोंडातून निघालंच नाही. "दोघं एकच होते रे. तुला रक्त द्यायला हवं."

धाकटा स्टुलावर बसला. त्याची बोटं गुडघ्यावर नाचत होती, त्याने ती थांबवायचा प्रयत्न केला नाही. "देतो," तो म्हणाला. "आजच जाऊ. पण तुझंही द्यायचं."

"माझं कशाला?"

"आई काय माझी एकट्याची होती?"

थोरली उठली. तिने भुसा झाडला, पटाश्या लहानमोठ्या लावल्या, पुन्हा विस्कटल्या. वर्षभर तिने धाकट्याच्या हातांखेरीज कुणाच्या हातांचा विचार केला नव्हता. डॉक्टरीणबाई 'प्रत्येक मुलाला' म्हणाल्या होत्या, तेव्हा ती त्यांच्यासमोरच बसली होती. तरीही तिने ते धाकट्याच्या नावावर टाकलं आणि मोकळी झाली होती.

"थांब जरा," ती म्हणाली. "कोर्टातली बाकं मी अजून बघितली नाहीत. तिथे त्या नावाचा आणखी एक निघू शकतो. मावशीला काय, सगळं नीट आठवतं थोडंच? ही खुर्ची त्याने केलेली असेल, तर मग..."

"ताई."

"मी म्हणते, एक महिना. एका महिन्याने काय आभाळ कोसळणार आहे?"

"आणि निघाला आणखी एक, तर आईचं रक्त बदलेल?"

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला भीती वाटते रे. माझी लेक आहे."

"मलाही लेकरू आहे. आणि मला तर पटाशी पडली त्या दिवसापासून भीती वाटते," धाकटा म्हणाला. "म्हणून तर तुला शोधायला लावलं. तो आपला असो नसो, मला काय फरक पडणार होता? म्हटलं, हिला कामाला लावलं तर वर्ष तरी जाईल. तुझं काम कधी वेळेत झालंय?"

तिला हसू आलं आणि त्याचा रागही आला. त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा म्हणून ती वळली, पण तिने त्याचा उडणारा खांदा धरला आणि तो थांबेपर्यंत सोडला नाही. तो काही थांबला नाही. मग दोघांनी सरसाखालची आच बंद केली, दुकानाला कुलूप घातलं आणि दोघं पायीच निघाली. वाटेत एकदा धाकट्याचा तोल गेला तेव्हा तिने त्याचा दंड धरला, पुढे तो तसाच धरून ठेवला.

दवाखान्यात परिचारिकेने ट्रे मांडला, दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "आधी कोण?"

धाकट्याने बाहीला हात घातला, पण बटण त्याच्या बोटांना सापडेना.

"मी," ती म्हणाली. "मी मोठी आहे." आणि तिने हात पुढे केला.