उजवी बाजू

मैदानाच्या फाटकावरचा रखवालदार काहीतरी विचारत होता, आणि सर हसून "हो, हो" म्हणाले.

रखवालदाराच्या भुवया वर गेल्या. त्याने सरांच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि टेबलावर सरळ उपडी केली. पाण्याची बाटली, छत्री, चष्म्याचं घर, खडूचा तुकडा.

"अहो, तो विचारतोय सुरी-कात्री आहे का, आणि तुम्ही हो काय म्हणता?" बायको पुढे झाली. "काही नाही हो दादा, शिक्षक आहेत. दिवसभर मुलांना लक्ष देऊन ऐका म्हणतात, स्वतःचं मात्र लक्ष नसतं."

रखवालदार हसला. सरही हसले. एकेक वस्तू त्यांनी परत पिशवीत भरली.

सर तिसरीच्या वर्गाला शिकवत. त्या वयाच्या मुलांचे आवाज बारीक असतात. दोन वर्षांपूर्वी आधी मागच्या बाकांवरचे आवाज विरले, मग मधल्या बाकांवरचे. कोणीतरी मागून एकेक बाक उचलून नेत असावं तसं. सर वर्गात फिरून शिकवू लागले, मुलांच्या ओठांकडे बघू लागले. कळलं नाही की "शाब्बास" म्हणत. गेल्या आठवड्यात एक मुलगी उभी राहून काही बोलली. सर म्हणाले, "शाब्बास, बस खाली." ती बसली नाही, तिचे डोळे भरून आले. शेवटी शेजारचा मुलगा सरांच्या कानाशी येऊन ओरडला, "सर, तिच्या पोटात दुखतंय."

त्यानंतर सर कानाच्या डॉक्टरांकडे गेले, एकटेच. डावा कान गेलाच होता. उजव्यात थोडं उरलं होतं. "ते जपा," डॉक्टर म्हणाल्या, "मोठ्या आवाजापासून लांब राहा. गेलेलं परत येत नाही." शाळेत कळलं तर वर्ग काढून घेतील आणि भांडारात पुस्तकांवर शिक्के मारायला बसवतील, हे सरांना ठाऊक होतं. म्हणून शाळेत सांगितलं नाही. घरीही नाही. बायकोला सांगितलं तर ते खरं होईल, असं त्यांना वाटायचं.

आणि नेमका आताच तो बँड गावात आला. सर कॉलेजात होते तेव्हापासून त्यांनी या चौघांची एकही कॅसेट सोडली नव्हती. चौघांचे केस आता पांढरे झाले होते, आणि हा शेवटचा दौरा, असं त्यांनी जाहीर केलं होतं. लेकीने मोठ्या हौसेने दोन तिकिटं पाठवली. नाही कसं म्हणणार, आणि कारण काय सांगणार?

"तुमच्या त्या पत्र्याच्या कारखान्यात मी यायची नाही," बायको आधी म्हणाली होती. मग म्हणाली, "एकटे गेलात तर हरवाल," आणि आली. गर्दीतून चालताना सरांनी नेहमीसारखं तिला उजव्या बाजूला ठेवलं.

दिवे मालवायच्या आधी केस सारखे केल्यासारखं करून त्यांनी डॉक्टरांनी दिलेले रबरी बोळे कानांत घातले. मंच उजळला. पहिला दणका पायांतून वर आला आणि बरगड्यांत बसला. सर गाणं ओळखायची वाट बघत राहिले. एके काळी ड्रमच्या दुसऱ्या ठोक्याला ते गाण्याचं नाव सांगत. आता मैदानभर हात वर गेले, की मग त्यांचे जात. लोक नाचले, की मग ते डोलत. समोर जे चाललं होतं त्याची त्यांच्या छातीत नुसती धडधड होत होती, आणि त्यातली गाण्याची किती, भीतीची किती, हेही कळेना.

बोळ्यांमुळे असेल. एकच गाणं, त्यांनी मनाशी म्हटलं. उजव्या कानातला बोळा अर्धा ओढला.

आवाज आला, पण गाणं आलं नाही. खडीचा ट्रक डोक्यावर रिकामा करावा तसं काहीतरी आलं. त्यांनी घाईघाईने बोळा आत दाबला. दोष बोळ्यांचा नव्हता तर. जपायचं म्हणून जे जपलं होतं, त्यात गाणं उरलंच नव्हतं. आणि गाणं नाही, तर सोमवारी वर्गात काय उरणार होतं?

घरी जाऊ या, असं म्हणायला ते बायकोकडे वळले. मंचाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता, आणि तिचे ओठ हलत होते.

परतीचा रस्ता विचारू नकोस.

सरांनी ओळ वाचली. पुढचीही. त्यांच्या पहिल्या कॅसेटवरचं पहिलं गाणं. तीस वर्षं तिने ते स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून ऐकलं होतं आणि "बंद करा ते" म्हणून हाक मारली होती. आता ती गात होती आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, की नवरा मंचाकडे बघतच नाहीये. तिच्या तोंडाकडे बघतोय. ती थांबली. काहीतरी बोलली.

"हो," सर म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने सावकाश आपल्या तोंडावर तळहात ठेवला. हाताच्या वर फक्त डोळे दिसत होते. गाल हलले, हाताआडून ती काही विचारत होती.

या वेळी सरांना हो म्हणता आलं नाही. त्यांनी मान हलवली. नाही.

हात खाली आला. "कधीपासून?" ओठ म्हणाले. सरांनी दोन बोटं वर केली, आणि मग ती बोटं कुठे ठेवावीत हे त्यांना कळेना. ती रडेल, नाहीतर इथेच भांडेल, असं त्यांना वाटलं. तिने त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत त्यांच्या नाकावर बसवला.

गाणं अजून चालू होतं. ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, मंचाकडे पाठ करून. पण उजेड आता तिच्या मागे गेला आणि चेहरा काळोखात बुडाला. सरांनी असहायपणे डोळे बारीक केले. तिने पर्समध्ये चाचपून मोबाइल काढला.

मैदानात हजारो मोबाइलचे दिवे मंचाकडे वर झाले होते. तिने आपला हनुवटीखाली धरला, गाणं कुठवर आलं ते क्षणभर कान देऊन ऐकलं, आणि पहिलीच्या मुलाला शिकवावं तसं एकेक अक्षर सुटं करून ती म्हणू लागली.