न घेणारा माणूस

१९५९ सालच्या मार्च महिन्यातली ही गोष्ट. कुवेतमध्ये शुवैखच्या बंदराचं काम तेव्हा जोरात चालू होतं आणि मी तिथल्या एका बांधकाम कंपनीच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा, होतो. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत औषधांचं कपाट, दुसरीत बाकडं आणि सुया उकळायचा स्टोव्ह. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस कंपाउंडर हुसेन मुकादम आणि मी. मुकादम आमच्याच रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. वयाने माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना चाचा म्हणत असे.

दवाखाना कामगारांसाठी होता. पण मागच्या माळावर बदू लोकांचे, म्हणजे मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या अरबांचे, काळे तंबू पडले होते. थंडीतल्या पावसाने थोडं गवत उगवलं होतं, त्याच्यामागे ते आले होते. त्यांच्यातलं कुणी दारात आलं तर चाचा परतवून लावत नसत.

त्या सोमवारी एक बदू चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर घालून आला. मुलाला गोवर येऊन गेला होता आणि आता छाती भरली होती. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. चाचांनी शहरातल्या इस्पितळात न्यायला सांगितलं. बाप नाही म्हणाला. मेंढरं कुणावर टाकू, असं काहीतरी. मग चाचांनी पेनिसिलिनची सुई दिली आणि बोटं उघडून दाखवली: रोज एक, पाच दिवस.

मंगळवारी सकाळी चाचा औषधांच्या पेट्या सोडवायला बंदरावर गेले होते. बदू आला. मुलगा खांद्यावर, आणि हातात शेपटीला धरलेली एक जिवंत घोरपड. आपल्याकडच्यापेक्षा आखूड, शेपटीवर काटे. त्याने ती माझ्यापुढे केली. तिने मान वळवली, तिची नखं माझ्या मनगटाला लागली आणि मी ओरडून मागे उडी मारली. मान हलवली, हाताने ‘ने, ने’ केलं आणि आत जाऊन कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. सुई द्यायचीच होती, हात धुवायचेच होते. बाहेर येऊन पाहतो तर दारात कुणी नव्हतं. येईल परत, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही. बाकड्यावर तिघे खोळंबले होते, मी त्यांच्या पट्ट्या बांधायला लागलो.

दुपारी जेवताना मी हे गमतीने सांगितलं. आमचा खानसामा महबूब हसून हसून डोळे पुसायला लागला. म्हणाला, “दर्यावर्द्याचा पोर तू, यूसुफ, आणि घोरपडीला भ्यालास? गावी सांगू नको बाबा, लग्न मोडेल.”

मीही हसलो. चाचांनी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

“सुई दिलीस?”

“नाही. तो थांबलाच नाही, चाचा.”

“तो थांबला नाही, की तू घेतलं नाहीस?”

ते उठले. जेवण तसंच राहिलं. दवाखान्यात येऊन त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि सुया उकळायला टाकल्या. पाण्याला उकळी येईपर्यंत, आणि मग डबा घेऊन आम्ही माळाकडे चालायला लागलो तेव्हा वाटेत, त्यांनी मला जे सांगितलं ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. चाचा जहाजावर होते एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

जहाज सोडल्यावर, १९५४ साली, ते न्यू गिनी नावाच्या बेटावर गेले होते. बेट फार मोठं. त्याचा पश्चिमेकडचा भाग तेव्हा डच लोकांच्या ताब्यात होता. जमिनीची पाहणी करणाऱ्या एका कंपनीने बेटाच्या मध्यावर, उंच डोंगरांत, छावणी टाकली होती आणि तिला कंपाउंडर हवा होता. छावणीला लहान विमानाने जावं लागे. दुसरी वाट नव्हती. त्या डोंगरांत पापुआ लोकांची गावं होती. गाव म्हणजे गवताने शाकारलेल्या आठ-दहा गोल झोपड्या आणि भोवती लाकडी कूड. झोपडीचं दार इतकं बुटकं की रांगत आत जावं लागे. मध्ये चूल, धूर निघून जायला वाट नाही. पुरुष एका झोपडीत निजायचे. बाया, पोरं आणि डुकरांची पिल्लं दुसरीत. उंचावर थंडी भयंकर पडायची आणि अंगावर कापड कुणाच्याच नव्हतं. डुकराची चरबी अंगाला चोळायची आणि विस्तवाला चिकटून बसायचं. तान्ही मुलं जन्मापासून धूर प्यायची आणि खोकत मोठी व्हायची. पुष्कळशी होतच नसत.

खाणं रताळ्यांचं. सकाळी रताळी, संध्याकाळी रताळी. मिठासाठी बाया एक दिवसाची चढण चढून खाऱ्या झऱ्यावर जायच्या, त्यात केळीच्या खोडाचे सोप भिजवायच्या, ते वाळवून जाळायच्या आणि ती राख मीठ म्हणून जपून ठेवायच्या. कपाळाला अडकवलेली जाळीची झोळी पाठीवर सोडलेली असे. त्याच झोळीत रताळी, त्याच झोळीत तान्हं मूल, कधी डुकराचं पिल्लूही.

“त्यांना रानटी म्हणायचे छावणीत,” चाचा म्हणाले. “मीही म्हणायचो. पण पाण्याचे पाट त्यांनी असे काढले होते रताळ्यांच्या वाफ्यांतून, की आपल्या खोताला जमले नसते.”

तिथल्या पोरांच्या अंगावर मोठमोठे फोड यायचे, हाडापर्यंत जायचे. पेनिसिलिनच्या एका सुईने आठवड्यात ते सुकत. त्यामुळे चाचांचं नाव डोंगरभर झालं. मग एकदा विमानातून आलेल्या कुणाकडून सर्दी-ताप आला. छावणीतल्या माणसांना चार दिवस नाक गळलं, एवढंच. गावांत मात्र माणसं मरू लागली.

कोबाक नावाचा एक माणूस पलीकडच्या डोंगरावरून आपली मुलगी घेऊन आला. नऊ-दहा वर्षांची, नाव तिरे. आईच्या पाठीवरच्या झोळीत मुटकुळं करून बसली होती. छाती भरलेली, अगदी आपल्या बदूच्या पोरासारखी. चाचांनी सुई दिली आणि रोज यायला सांगितलं. समुद्रकाठच्या मुलखातला एक शिपाई दुभाष्याचं काम करायचा, त्याने ते कोबाकला समजावलं. नवराबायको जवळच्या वस्तीत मुक्कामाला राहिली.

दुसऱ्या दिवशी कोबाक पुढे आणि बायको मागे अशी ती आली. कोबाकच्या हातात दोरी होती आणि दोरीला एक कान कातरलेलं डुक्कर.

“ते तिरेनेच वाढवलेलं होतं,” चाचा म्हणाले. “दोरी सैल पडली की ते तिच्या झोळीखाली जाऊन उभं राहायचं.”

कोबाकने दोरी चाचांच्या हातात द्यायला पुढे केली. डुकराने नाक वर करून चाचांच्या हाताला लावलं. चाचांनी हात मागे ओढला.

वाळूत पाय रुतत होते. मी डबा त्या हातातून या हातात घेतला.

“कुणाला कमी लेखायचं म्हणून नव्हे रे. आपण जसे वाढलो तसा हात आपोआप मागे आला. मी शिपायाला म्हटलं, सांग त्याला, मला काही नको, औषध फुकट आहे. आणि आत जाऊन हात धुतले. सुई द्यायची होती. बाहेर आलो तर अंगण रिकामं.”

शिपायाने काय सांगितलं होतं? फुकट या शब्दाला त्या लोकांत शब्दच नव्हता. त्याने सांगितलं, हा घेत नाही. त्या डोंगरांत ज्याने घेतलं नाही त्याने दिलंही नाही. डुक्कर घेतलं असतं तर तिरे चाचांच्या पदरात पडली असती, तिला बरं करणं त्यांच्यावर आलं असतं. घेतलं नाही, म्हणजे ही पोरगी मला नको, ही जगणार नाही, असं औषध देणाऱ्यानेच सांगितलं. मग रोज सुई टोचून तिला कशाला छळायचं? बाप तिला घरी मरायला घेऊन गेला. हे शिपायाने चाचांना सांगितलं, पण फार उशिरा.

पहिल्या दिवशी चाचांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी वाटलं, रताळी खणायचे दिवस आहेत, येतील. तिसऱ्या दिवशी छावणीतल्या एका साहेबाच्या पायावर कुऱ्हाड पडली आणि तो दिवस त्यात गेला. त्या संध्याकाळी सहज विषय निघाला म्हणून शिपाई बोलला. चौथ्या दिवशी पहाटे चाचा सुया आणि शिपायाला घेऊन निघाले. वेलींचा झुलता पूल ओलांडून अर्धा दिवस डोंगर चढले. गावाच्या कुडापाशी पोहोचण्याआधीच रडणं ऐकू आलं.

तिरे आदल्या दिवशी गेली होती. तिथल्या रीतीप्रमाणे अंगणात लाकडांची खुर्ची करून तिला त्यात बसवलं होतं आणि अंगावर नव्या झोळ्या पांघरल्या होत्या. बायांनी तोंडाला पांढरी माती फासली होती. एका बाजूला तापलेल्या दगडांवर मांस शिजत होतं. कान कातरलेलं मुंडकं कुडावर ठेवलेलं दिसलं, तेव्हा चाचांना कळलं की ते तेच डुक्कर.

मांस शिजल्यावर पानांवर वाटे घातले. प्रत्येकाला वाटा मिळाला. परगावच्यांना मिळाला, दुभाष्या शिपायाला मिळाला. चाचांच्या पुढून वाढणारा तसाच पुढे गेला.

“रागाने नव्हे,” चाचा म्हणाले. “कोबाक मला जागा करून शेजारी बसवत होता. वाढलं नाही, कारण मी न घेणारा माणूस होतो. आणि मला काय वाटलं सांगू, यूसुफ? हायसं वाटलं. बरं झालं, नाही म्हणायची पाळी आली नाही. पोरगी समोर बसलीय मेलेली, आणि मला हायसं वाटलं. ते मला अजून सोसत नाही.”

परत निघताना झऱ्यापाशी त्यांना तिरेची धाकटी बहीण दिसली. पाच-सहा वर्षांची. हात केळीच्या पानात गुंडाळलेला आणि कोपरातून वर धरलेला. घरातलं माणूस गेलं की दुःखाची खूण म्हणून लहान मुलींच्या बोटांची पेरं तोडायची रीत होती त्या भागात. दोन बोटांची तोडली होती. चाचांनी जखम धुतली, औषध लावून पट्टी बांधली. पोर रडली नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या पट्टीबद्दल कुणी काही आणून दिलं नाही. आणणारच नव्हते.

आम्ही तंबूंपाशी पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आमचा बदू तंबूच्या दारात बसून दोर वळत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा दोर वळू लागला. आतून मुलाचा श्वास ऐकू येत होता, करवतीसारखा.

चाचांनी सलाम केला. त्याने सलाम घेतला, पण उठला नाही. चाचा त्याच्यासमोर वाळूत मांडी घालून बसले आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले, सकाळी माझ्यासाठी काहीतरी आणलं होतंस. मी नव्हतो. ते घ्यायला आलोय.

त्याने हातातला पीळ पुरा केला. मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाला, तुझ्या माणसाला ते घाण वाटलं.

चाचा म्हणाले, तो लहान आहे, आणि घाबरतो. मी नाही घाबरत.

बदूने आत हाक मारली. बुरखा घेतलेली बाई पितळी थाळी घेऊन आली. राखेत भाजलेल्या घोरपडीचं मांस होतं, थोडंच उरलेलं, शेपटीकडचं. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून घास घेतला. मग थाळी माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे पाहणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती वाट पाहणं होतं. मी घास घेतला. वाळू आणि राख दाताखाली आली. आजही विचारलं तर चव सांगता येणार नाही, पण गिळलेलं आठवतं. हात मी पुसले नाहीत.

मग तो उठला आणि मुलाला बाहेर घेऊन आला. मुलगा सकाळपेक्षा मलूल दिसत होता. ओठ निळसर झाले होते. मी त्याला मांडीवर धरलं आणि चाचांनी सुई दिली. तो रडलाही नाही.

बुधवारी बाप त्याला घेऊन आला. गुरुवारीही आला. गुरुवारी मुलाने पहिल्यांदा सुईला हात लावून दूर ढकललं, तेव्हा चाचांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

शुक्रवारी आले नाहीत. रात्री वावटळ होऊन गेली होती, हवेत अजून धूळ होती. नमाजानंतर डबा घेऊन आम्ही दोघं माळावर गेलो. तंबू नव्हते. चुलीचे तीन दगड होते, राख अर्धी वाळूत गेली होती. मेंढरांच्या खुरांच्या खुणा दक्षिणेकडे जात होत्या आणि पुढे वाऱ्याने पुसल्या होत्या. लहान थडगं कुठे दिसतं का ते मी बघत होतो, आणि चाचाही तेच बघत होते. आम्ही बराच वेळ हिंडलो. काही दिसलं नाही. पण त्या मुलखात थडग्यावर दगडाशिवाय काही ठेवत नाहीत, आणि दगड तर सगळीकडेच होते.

चाचांनी डबा उघडून पाचवी सुई पाहिली आणि पुन्हा बंद केला.

“चार झाल्या,” ते म्हणाले. “चारही पुरतात कधी कधी.”

आणि आम्ही परत फिरलो.