माठाखालचं स्टूल

माझ्याकडे नीट बघा, मित्रांनो. चार पाय, त्यातला एक जरा आखूड, आणि डोक्यावर पाण्याचा गोल डाग. मी उमरोळीजवळच्या एका मनोरुग्ण-आश्रमातलं जुनं स्टूल. वाणगावच्या झिपरू सुतारानं मला घडवलं, तेव्हा माझ्या कडा घासून घासून गोल केल्या. म्हणाला, "दमलेलं मानूस बसंल, टोचाया नको."

पण आश्रमाच्या कृष्णकांतशेटचा नियम होता. परिचारक बसले की पेंगतात, म्हणून कामावर कुणी बसायचं नाही! माझ्यावर आला माठ आणि समोर परिचारिका नवसी दिवसभर उभी. रुग्णांना भरवायची, न्हाऊ घालायची, मारायला उठलेला हात गोंजारून खाली आणायची. सुट्टी नाहीच. विठोबाही विटेवर उभाच, पण त्याला निदान शेजारती तरी मिळते!

अखेर तिनं ठरवलं. "दामूदादा, उद्यापासून मी बोयसरला. कारखान्यात डबे भरायचं काम हाय. बसून."

दामू हा आश्रमातला मच्छीमार रुग्ण. नवसीशिवाय कुणाच्या हातचं तो जेवत नसे. तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

त्या संध्याकाळी एकादशीचं कीर्तन होतं. पूर्वरंग संपला. आता रिवाजाप्रमाणे वामनबुवांना हार घालायचा, आणि तो मान दामूचा. दामू हार घेऊन उठला तो थेट माझ्याकडे! बुवांना बुक्का लावायला उठलेल्या शेटच्या हातांत त्यानं माठ दिला आणि मला नवसीच्या मागे ठेवलं.

"बस."

"अरं, नोकरी जाईल माजी!"

"तशी बी तू चाललीस नं?"

ती बसली. हार तिच्या गळ्यात पडला. बुवांनी हसून तिलाच बुक्का लावला आणि उत्तररंग सुरू केला.

शेटची मात्र पंचाईत. माठाचं बूड गोल, जमिनीवर ठेवला की कलंडणार. भरला माठ घेऊन खाली बसताही येईना. गुडघे कुरकुरू लागले.

"दामू, धर रे हा!"

"ड्यूटीवर बसायचं नाय, शेट."

बुवाही खट्याळ. एरवी आटोपशीर असणारं त्यांचं आख्यान त्या दिवशी संपता संपेना.

शेवटच्या गजरात शेट कळवळून म्हणाले, "नवसी, जाऊ नकोस. बसायला देतो, रविवारची सुट्टी देतो, जोडीला आणखी एक बाई ठेवतो. पण आधी हा माठ घे!"

"घेते, शेट. वाईच बसू तर द्या. आत्ता कुठं बसले हाय."

नवसी राहिली. माठाला लोखंडी तिवई आली. मित्रांनो, माझा आखूड पाय हल्ली डुगडुगतो. त्याखाली पत्र्याची एक चकती सरकवा. दुसऱ्यांना सांभाळून दमलेलं कुणीतरी रोज येतं. ते पडता कामा नये.