खोके उघडायला वापरलेली सुरी

मी प्रयोगशाळेतली एक जुनी पोलादी सुरी आहे, मित्रांनो. पण मला भाजी चिरणाऱ्या सुरीच्या पंगतीत बसवू नका. भिजवलेल्या लाकडाची मी अशी चकती काढते की तिच्यातून आरपार दिसावे. ती चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पाइनचे लाकूड मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसते. एकेका पेशीची भिंत किती जाड, ती धड आहे की फाटलेली, हे तिथे मोजतात आणि त्यावरून लाकूड कसे होते ते ठरते.

भट्टीतून निघाल्यावर वर्षानुवर्षे मी हेच केले. मला धार लावणारे जुने तज्ज्ञ म्हणत, "हिला चामड्यावर फिरवल्याशिवाय लाकडाला लावायची नाही." ते निवृत्त झाले आणि माझी रया गेली. नव्या तपासनिसाने मला पेन्सिलींच्या डब्यात उभे केले.

एके दिवशी सूक्ष्मदर्शकाचा नवा कॅमेरा आला. तपासनिसाने त्याचे खोके फाडायला कोणाला उचलले असेल? मला! खोक्याच्या पत्र्याच्या टाचणीवर आपटून माझ्या धारेला दाते पडले. त्याने मला पुसलेसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात एक मोडकी शिडी तपासायला आली. तिच्यावरून पडून एका रंगाऱ्याचा पाय मोडला होता. शिडी करणाऱ्या सुताराने तडकलेले लाकूड वापरले असे ठरले, तर त्याचे दुकान बंद होणार होते. तपासनिसाने माझ्या बोथट धारेनेच चकती काढली. मी पेशींच्या भिंती कापल्या नाहीत, ओरबाडल्या. नव्या कॅमेऱ्याने ते ओरखडे झकास टिपले.

"लाकूड आधीच तडकलेलं होतं," त्याने सुताराला पडदा दाखवला. "फोटो काय खोटं बोलतो?"

"अहो साहेब, याच शिडीवर माझी पोरगी चढायची," सुतार म्हणाला. "तडकलेल्या लाकडावर पोटची पोर चढवीन का मी?"

"ते मला काय माहीत?"

माझा संताप संताप झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास माझ्या हातून! मला तोंड असते तर मी त्या खोक्याचे नाव घेतले असते.

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई आत आल्या. पडद्याकडे पाहून त्या थबकल्या.

"हे सगळे तडे एकाच दिशेनं? लाकूड काय कवायत करत फुटतं? ठोकळा काटकोनात फिरव आणि पुन्हा काप."

पुन्हा कापले. पडद्यावर पेशींच्या रांगा आडव्या झाल्या. तडे मात्र पहिल्यासारखेच उभे. म्हणजे ते लाकडाचे नव्हतेच. बाईंनी मला उजेडात धरले.

"हिनं काय कापलंस?"

"कॅमेऱ्याचं खोकं, बाई. हाताशी हीच होती."

"उद्या हाताशी सूक्ष्मदर्शक असला तर त्यानं खिळे ठोकशील!"

मला धार लागली. नवी चकती निघाली. भिंती जाड होत्या, अखंड होत्या. एकही तडा नव्हता. तपासनिसाने पडेल आवाजात विचारले, "अहवालात 'तांत्रिक कारणानं फेरतपासणी' लिहू?"

"तांत्रिक कारणाला हात नसतात," बाई म्हणाल्या. "लिही, लाकूड धड होतं, ते आम्ही फाडलं."

त्याने तसे लिहिले. सुताराने ते दोनदा वाचले. "दुकान राहिलं," एवढेच म्हणाला आणि कोणाचेही आभार न मानता निघून गेला. का मानावेत?

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. मला धार लावा, पुसून पेटीत ठेवा, यात माझे कौतुक नको. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंच्या साक्षीवर माणसांचे निवाडे होतात. तुम्ही आमची हेळसांड केलीत, तर त्याची शिक्षा तुम्हाला होत नाही. दाराबाहेर निकालाची वाट पाहत उभा असतो, त्याला होते.