तीन तारखेचे पत्र

“सर, प्रश्नातली तारीख चुकलीय,” नवी अधिकारीबाई खुशीत म्हणाली आणि तिने उत्तराचा मसुदा नन्नारावांपुढे सरकवला.

नन्नाराव हे कचेरीने ठेवलेले नाव. सभागृहात मंत्र्यांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहिण्यात त्यांची बत्तीस वर्षे गेली होती, त्यातली अकरा या एकाच साहेबांपायी. साहेब रस्तेमंत्री होते तेव्हा पूल खचला. शिक्षणमंत्री झाले तर त्यांची स्वतःचीच पदवी सापडेना. मग नैतिकतेच्या नावाने राजीनामा दिला आणि आठ महिन्यांत आरोग्यमंत्री होऊन परत आले. जातील त्या खात्यात ते नन्नारावांना बरोबर नेत, आणि नन्नाराव त्यांना दर खेपेस सहीसलामत बाहेर काढत. तेही एक अक्षर खोटे न लिहिता. प्रश्न विचारणाऱ्याचा एखादा तपशील चुकलेला असतोच. बावीस मीटरचा पूल एकवीस मीटरचा निघाला की उत्तर तयार: ‘हे खरे नाही.’ ही कला त्यांनी नव्या बाईला मोठ्या हौसेने शिकवली होती.

आजचा प्रश्न असा होता: ‘रुग्णालयातील जनरेटर बंद असल्याचे परिचारिकेने तीन तारखेच्या पत्राने शासनास कळवले होते, हे खरे आहे काय?’

“पत्र दोन तारखेचं आहे,” बाई म्हणाली. “तीनला ते आपल्याकडे आलं, तसा शिक्का आहे. म्हणजे तीन तारखेचं पत्रच नाही. बसलं ना बरोबर?”

“बसलं,” नन्नाराव म्हणाले.

तो जनरेटर साहेबांच्या मेहुण्याने पुरवलेला. वीज गेली, तो सुरू झाला नाही आणि दोन रुग्ण दगावले. खापर फुटले पाळीवरच्या परिचारिकेच्या डोक्यावर. तिने आठवडाभर आधी लेखी कळवले होते, पण स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती आणि रुग्णालयातली प्रत गायब झाली होती. ती नन्नारावांची लेक. सासरच्या आडनावामुळे कचेरीत कोणाला याचा पत्ता नव्हता. खात्याच्या फायलीत तिचे पत्र दिसले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बाहेरून फोन करून विरोधी आमदाराला बातमी पुरवली. पत्र कधीचे, असे त्याने विचारले आणि यांच्या तोंडून शिक्क्याची तारीख गेली. कचेरीत शिक्का पडल्याशिवाय कागद जन्माला येत नाही. बत्तीस वर्षांत ते अंगात मुरले होते.

बाई सहीसाठी थांबली होती. ‘पत्र मिळाले होते’ एवढे तीन शब्द लिहिले असते तरी लेक सुटली असती. पण मग साहेबांनी कारण विचारले असते, फोनपर्यंत माग निघाला असता, आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. नन्नारावांनी पेन उचलले. सही नेहमीसारखी सरळ आली.

सभागृहात साहेबांनी उत्तर वाचले: ‘हे खरे नाही.’ “मग पत्र होतं की नव्हतं?” आमदाराने उठून विचारले.

“सन्माननीय सदस्यांनी आधी माहिती नीट घ्यावी,” साहेब म्हणाले. बाके वाजली आणि पुढचा प्रश्न पुकारला गेला.

तीन आठवड्यांनी लेकीच्या बडतर्फीचा आदेश आला. पुरावा म्हणून त्याला तेच उत्तर जोडले होते. ती तो घेऊन माहेरी आली. बरोबरच्या पिशवीत परत करायचे दोन गणवेश होते.

“तीन तारीख आली कुठून, बाबा? मी तर दोनला लिहिलं होतं.”

“मी सांगितली.”

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. “जाऊ दे. माणूस आहे, चुकतो.”

“उत्तरावर सहीपण माझीच आहे,” नन्नाराव म्हणाले. “तेव्हा कळत होतं मला.”

 लेकीने पिशवीतून गणवेश बाहेर काढले, त्यांच्या घड्या पुन्हा नीट घातल्या आणि टेबलावरचा कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“हे परत करताना सोबत अर्ज लागतो. लिहून द्या. तुम्हाला जमतं ते,” ती म्हणाली. “तारीख तेवढी घालू नका. ती मी घालते.”